सर्वो मोटरच्या शाफ्टवर पुली बसवताना हातोडी चालते की नाही?

सातपूरकर:
मंडळी, नाशिकला आमचं पाउच पॅकिंग मशिनचं छोटं युनिट आहे. इतकी वर्षं फिल्म ओढायला क्लच-ब्रेक वापरत होतो, आता दोन मॉडेलं सर्वोवर (हुकमाप्रमाणे नेमकी फिरून नेमक्या जागी थांबणारी मोटर) नेली आहेत. मोटर ७५० वॅटची, शाफ्ट १९ मिमी, की-वे (की बसायची खाच) असलेला. त्यावर एचटीडी ५ एमची २० दात्यांची टायमिंग पुली, एक की (शाफ्टवर पुली घसरू नये म्हणून खाचेत बसणारी पट्टी) आणि वरून एक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा, आवळून धरणारा).

पुली हाताने निम्मीच जाते. पुढे आमचा फिटर नायलॉनच्या हातोडीने हलके हलके ठोकून बसवतो. परवा मोटरवाल्यांचा सर्व्हिस इंजिनियर आला होता, त्याने हे पाहिलं आणि ओरडलाच, "वॉरंटी गेली समजा!" फिटरचं म्हणणं, इंडक्शन मोटरींवर जन्मभर अशाच पुल्या बसवल्या, एकही मोटर मेली नाही. खरं सांगू का, मला फिटरचंच पटतंय. हे सर्वोवाले जरा जास्तच बाऊ करतात.

तर दोन प्रश्न. हलके ठोके खरोखर एवढे वाईट आहेत का? आणि ग्रब स्क्रू थोड्याच दिवसांत ढिला होऊन पाउचवरचं प्रिंट सरकायला लागतं, त्यावर काय करावं? की काढून नुसत्या क्लॅम्पवर भागेल का?

मायक्रॉन:
नाही. नायलॉनची, रबरी, तांब्याची, कसलीच हातोडी नाही. का ते टूलरूमकाका येऊन सांगतील, तोवर ठोकणं थांबवा.

नुसताच_वाचक:
आमच्याकडे फिटरच्या हातून हातोडी काढून घेतली तर तो राजीनामा देईल. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टूलरूमकाका:
हजर आहे. सातपूरकर, तुमच्या फिटरचा अनुभव खोटा नाही, पण तो दुसऱ्या मोटरचा आहे. इंडक्शन मोटरच्या मागच्या टोकाला पंखा असतो, सर्वोच्या मागच्या टोकाला एन्कोडर, म्हणजे शाफ्ट किती फिरला ते मोजणारं यंत्र. हल्ली २३ बिटचे एन्कोडर सर्रास येतात, म्हणजे एका फेऱ्याचे ८३,८८,६०८ भाग. ते भाग वाचणारी चकती त्याच शाफ्टच्या मागच्या टोकावर, सेन्सरपासून अगदी बारीक अंतर राखून फिरते. ऑप्टिकल एन्कोडर असेल तर चकती पुष्कळदा काचेची. पुढून मारलेला ठोका शाफ्टमधून सरळ तिथे पोचतो. हातोडी नायलॉनची असली तरी शाफ्ट पोलादाचाच आहे ना.

दुसरं बेअरिंग. ठोक्याचा जोर शाफ्टमध्ये शिरला की बाहेर पडायला त्याला एकच वाट आहे: बेअरिंगच्या गोळ्यांमधून बॉडीकडे. गोळी आणि रेस (गोळ्या जिच्यावर धावतात ती कडी) यांचा संपर्क जवळजवळ बिंदूएवढा. तिथे बारीक खळगे पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, मोटर त्या दिवशी झकास चालते.

योग्य पद्धत अशी. शाफ्टच्या टोकाला, बरोबर मध्यावर, टॅप केलेलं भोक असतं. या साइझला एम ५ किंवा एम ६, कॅटलॉगात बघून घ्या. त्यात स्टड घाला, पुलीवर जाड वॉशर ठेवा, नट फिरवत पुली आत न्या. नट पुलीला आत ढकलतो आणि तेवढ्याच जोराने शाफ्टला बाहेर ओढतो. म्हणजे जोर शाफ्ट आणि पुली यांच्यातच जिरतो, बेअरिंगपर्यंत जातच नाही. काढताना पुलर लावतो तेव्हाही हेच होतं, फक्त उलट दिशेने. पुली, कपलिंग, गिअर, काहीही बसवताना एवढं एकच तपासायचं: मी लावतोय तो जोर बेअरिंगमधून जातोय का?

पण मला खरी शंका निराळीच आहे. पुली हाताने निम्मीच का जावी? १९ च्या शाफ्टला छोटा एच ६ (मापात किती फरक चालतो ती श्रेणी) असतो, म्हणजे १९.००० ते १८.९८७. बोअर (पुलीचं भोक) मोठा एच ७ मध्ये असेल तर १९.००० ते १९.०२१. अगदी सर्वांत घट्ट जोडी जमली तरी तेलाचा हात लावून पुली हाताच्या दाबाने सरकायला हवी. ती अडकते म्हणजे बोअर लहान आहे, किंवा की-वे स्लॉट करताना कडेला बर (धातूची उभी धार) राहिलाय, किंवा की उंचीला जास्त आहे. आधी प्लग गेज (भोक मापात आहे का ते बघायचं, एक टोक गो, दुसरं नो-गो) घालून बघा. मग कीशिवाय पुली घालून बघा. मग नुसती की शाफ्टमध्ये बसवून बघा. कुठे अडतंय ते दहा मिनिटांत कळेल.

शिरोलीचा_पैलवान:
काका, राग मानू नका, पर हे जरा जास्तीच हाय. आमी शिरोलीत वर्षानुवर्षं सर्वोवर पुल्या ठोकतोय. लाकडाचा ठोकळा ठेवायचा, वरनं दोन टोले, विषय संपला. आजवर काय बी झालं न्हाई. शिफ्ट संपायच्या आत मशीन चालू करायचं असतंय, स्टड आणि वॉशर शोधत कोण बसणार?

मायक्रॉन:
@पैलवान, "काय बी झालं न्हाई" हे कुणी तपासलं? दीडेक वर्षाने मोटर आवाज करायला लागली किंवा एन्कोडरचा अलार्म आला, तर तुम्ही म्हणता "व्होल्टेज खराब" किंवा "चायना माल". ठोका कुणाच्याच लक्षात नसतो.

शिरोलीचा_पैलवान:
बरं, मोटरी बदलल्यात काही. पर त्या ठोक्यामुळंच गेल्या असं कुठं लिवलंय?

टूलरूमकाका:
पैलवान, बेअरिंग उघडून रेस बघा. गोळ्यांच्या अंतरावर, ओळीने सारखे खळगे दिसले तर तो बहुधा ठोक्याचा मार आहे. फिरून झालेल्या नेहमीच्या झिजेने असं होत नाही, ती सगळ्या वाटेवर पसरलेली असते. पुढची मोटर भंगारात टाकण्याआधी एकदा बघाच.

रोबोवाली:
मी शीर्षक वाचून भलत्याच अपेक्षेने आले, कारण माझ्या आयुष्यातले सर्वो हे पन्नास ग्रॅमचे असतात. :D पण हौशी सर्वोवाल्यांनाही हाच रोग आहे, म्हणून लिहिते. कॉलेजात असताना रोबोकॉनसाठी (कॉलेजांची रोबो स्पर्धा) टीममध्ये होते, तेव्हा राष्ट्रीय फेरी बालेवाडीला व्हायची. तिथे पिट एरियात सर्वांत जास्त विकलेली वस्तू कुठली म्हणाल तर फेविक्विक!

सर्वोचा हॉर्न (शाफ्टवर बसणारा हात) ढिला वाटला की पोरं स्प्लाइनवर (शाफ्टचं दातेरी टोक) फेविक्विकचा थेंब सोडतात. तो थेंब खाली उतरून बुशमध्ये शिरतो आणि सर्वो जागेवर गोठतो. हॉर्नला मधला स्क्रू असतो तो उगाच नसतो, तो लावा. स्क्रू ढिला होतो म्हणून प्लॅस्टिकच्या हॉर्नवर थ्रेडलॉकर (आटे पक्के धरणारा गोंद) लावू नका, त्याने पुष्कळ प्रकारच्या प्लॅस्टिकला तडे जातात. मेटल गिअर आणि मेटल हॉर्न असेल तरच, तेही अगदी इवलासा थेंब, आणि केसवर सांडू न देता.

हॉर्न बसवण्याआधी सर्वोला १५०० मायक्रोसेकंदाची पल्स देऊन मध्यावर आणा. आधी हॉर्न बसवून मग हाताने फिरवून मध्य शोधला तर छोट्या सर्वोचे गिअर दात गाळतात.

अजून एक गंमत. एमजी ९९६ सारख्या सर्वोला २५ दात्यांची स्प्लाइन असते, म्हणजे एक दाता १४.४ अंशांचा. मध्य नेमका जुळत नाही म्हणून लोक वैतागतात. चार हातांचा हॉर्न घ्या. ९० अंशांत दाते बसतात सव्वासहा, त्यामुळे दर पुढच्या हाताला ३.६ अंशांचा फरक पडतो. हात बदलून बघत जा, एखादा जवळपास जुळतोच. उरलेलं प्रोग्रॅममध्ये.

नुसताच_वाचक:
सव्वासहाचा हा उपयोग शाळेत कुणी सांगितला असता तर मी गणितात पास झालो असतो.

सातपूरकर:
@रोबोवाली, छान माहिती. मुलाला वाचायला दिली, तो सध्या घरात रोबोचा हात करतोय आणि फेविक्विक खरंच संपलंय.

@काका, उद्या गेज लावून बघतो. बोअर आमच्या व्हेंडरकडून येतो, त्याच्या शब्दावर आम्ही चालतो.

चाकण_नाइटशिफ्ट:
सगळे हातोडीवर तुटून पडलेत, पण त्याने मोटर मरते. माणूस कशाने मरतो ते कुणी लिहिलं नाही, म्हणून मेंटेनन्सवाल्याच्या नात्याने लिहितो.

उभा ॲक्सिस असेल, म्हणजे मोटर मशिनचं हेड वर-खाली नेत असेल, तर कपलिंगला (मोटर आणि पुढचा शाफ्ट जोडणारा भाग) हात लावण्याआधी हेडखाली ठोकळा किंवा जॅक द्या, नाहीतर हेड सरळ खालच्या स्टॉपवर टेकवा. मोटरला ब्रेक आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. ब्रेक मोटरच्या शाफ्टला धरतो, हेड कपलिंगच्या पलीकडे आहे. क्लॅम्पचा बोल्ट ढिला केला की ब्रेकचा आणि हेडचा संबंध संपला. हेड वर-खाली नेणारा आट्यांचा दांडा, म्हणजे बॉलस्क्रू, इतका हलका फिरतो की वजनाने आपोआप उलटा फिरतो आणि हेड खाली येतं. आधीच्या कंपनीत हे होताना पाहिलंय. खाली हात नव्हता कुणाचा, एवढंच नशीब. बेल्टवरच्या उभ्या ॲक्सिसलाही हेच लागू, बेल्ट काढण्याआधी वजन टेकवा.

दुसरं, मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. ड्राइव्हमधले (मोटरला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मॅन्युअलमध्ये १०-१५ मिनिटं थांबायला लिहिलेलं असतं, चार्जचा दिवा विझेपर्यंत थांबा. आणि सर्वोत कायमचे चुंबक असतात, मोटर बाहेरून फिरवली तरी ती वीज तयार करते. तेव्हा वायरी सुट्या ठेवून शाफ्ट फिरवत टर्मिनलला हात लावू नका.

तिसरं, नवीन मोटर टेबलावर ठेवून जॉग (थोडी फिरवून चाचणी) करून बघायची सवय सगळ्यांना असते. करा, पण आधी की काढा. पुली नसलेल्या शाफ्टमधली की ३००० आरपीएमला जागेवर राहत नाही, गोळीसारखी सुटते. टेप गुंडाळणं हा उपाय नाही. मोटर फ्लँजने नीट बांधा, नाहीतर दणक्यात ती टेबलावरून उडी मारते. पुली लावल्यावर पहिला जॉग टॉर्क लिमिट कमी करून, हळू, गार्ड लावून. फिरत्या भागाजवळ हातमोजे नकोत.

मायक्रॉन:
नाइटशिफ्टचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीवर लावण्यासारखा आहे. +१.

नेकारकाठचा:
उशीर झाला यायला. मी इथे स्टुटगार्टजवळ मशिन असेंब्लीत आहे. सातपूरकरांच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

की आणि ग्रब स्क्रू ही जोडी एका दिशेने फिरणाऱ्या मोटरसाठी ठीक. तुमची मोटर दर पाउचला सुरू होते, थांबते, कदाचित मागेही येते. की आणि की-वे यांच्यात थोडी तरी फट असतेच, दर वेळी की त्या फटीत इकडून तिकडे आपटते. मग फट वाढते, ग्रब ढिला होतो, प्रिंट सरकतं. ग्रब ढिला होणं हा परिणाम आहे, त्याला कितीही आवळलं तरी तो परत ढिला होणार.

इथे सर्वोवर की असलेला शाफ्ट मी क्वचितच बघतो. साधा गुळगुळीत शाफ्ट आणि त्यावर क्लॅम्प हब किंवा लॉकिंग बुश (बोल्ट आवळले की शाफ्ट आणि पुली दोन्हींना घट्ट धरणारी कडी). पकड सगळ्या घेराला लागते, फट शून्य. तीच मोटर प्लेन शाफ्टमध्येही मिळते, पुढच्या ऑर्डरला तशी मागवा.

आता सध्याच्या की-वेवाल्या मोटरींवर क्लॅम्प लावायचा असेल तर एक भानगड आहे. की-वे असलेल्या मोटरचा रोटर साधारणपणे अर्धी की बसवून बॅलन्स केलेला असतो. शाफ्टच्या टोकावर अक्षर कोरलेलं असेल तर बघा: एच म्हणजे अर्धी की, एफ म्हणजे पूर्ण, एन म्हणजे कीशिवाय. एच असेल आणि तुम्ही की काढून टाकलीत तर तेवढं वजन एका बाजूने कमी झालं. की-वेच्या खोलीइतकी अर्धी की करून त्यात बसवा, शाफ्टच्या गोलाईला मिळती घासून.

शाफ्टवरचं गंजरोधक तेल स्पिरिटच्या फडक्याने पुसा. फडकं ओलं, बाटली नाही, द्रव ऑइल सीलमध्ये जाता कामा नये. बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. लॉकिंग बुशला मॉलिब्डेनमचं ग्रीस लावू नका. बुश घर्षणावरच धरतो आणि ते ग्रीस घर्षण घालवायलाच बनवलंय.

शिरोलीचा_पैलवान:
जर्मनीत टॉर्क रेंच झाडाला लागत असतील. हितं ॲलन कीला पाइप लावून आवळतात.

नेकारकाठचा:
पैलवान, इथेही पाइप लावणारे महाभाग आहेत. रात्रपाळीला भेटतात.

सातपूरकर:
नेकारकाठचा, सगळं पटलं. पण लॉकिंग बुशची किंमत विचारली तर पुलीच्या कितीतरी पट. आमचं गिऱ्हाईक फरसाणवाला आहे, तो मशिनचा भाव हजारा-हजाराने पाडून घेतो. त्याला शून्य फटीचं काय सांगू?

चिंचगुळ:
त्याला सांगा, फट असली तर 'निव्वळ वजन' छापलेलं अर्ध्या पाउचवर येणार आणि अर्धं पुढच्या पाउचवर. दुसऱ्या दिवशी चेक देईल.

गिअरबॉक्स:
बुशच्या किमतीवर येण्याआधी त्या पुलीकडे बघा हो. धागाभर सगळे शाफ्टबद्दल बोलतायत आणि २० दात्यांवर कुणी हरकत घेतली नाही, याचं नवल वाटलं.

५ एम म्हणजे दोन दात्यांत ५ मिमी. २० दात्यांचा पिच व्यास १०० भागिले पाय (π), ३१.८ मिमी. ७५० वॅटच्या ३००० आरपीएमवाल्या मोटरचा रेटेड टॉर्क २.४ न्यूटन-मीटर, क्षणिक कमाल त्याच्या तिप्पट धरा, ७.२. त्रिज्या १५.९ मिमी. तर कमाल टॉर्कला बेल्टची ओढ झाली ४५० न्यूटन. या साइझच्या मोटरींना कॅटलॉगात शाफ्टवरचा आडवा भार ३९२ न्यूटनपर्यंत चालतो असं बहुधा लिहिलेलं असतं, आणि सरळ रेषेतला भार १४७. म्हणजे प्रत्येक दणक्याला तुम्ही हद्दीबाहेर. त्यात बेल्टला सुरुवातीला दिलेला ताण मी धरलेलाच नाही. हातोडी बंद केलीत तरी हे बेअरिंग जाणारच.

४० दात्यांची लावा. ओढ निम्मी, २२६. आणि पुली मोटरच्या तोंडाला जितकी चिकटवता येईल तितकी चिकटवा, टोकाला नको.

पीआयडी_पाटील:
असहमत. ४० दात्यांची पुली लावलीत की जडत्व सोळापट. व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं ते. २५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची भरीव पुली धरली तरी वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या जवळ आणि जडत्व सुमारे १.१ गुणिले १०चा उणे ४ घात किलो-मीटर वर्ग. या मोटरींच्या रोटरचं स्वतःचं जडत्व त्याच्याच आगेमागे असतं. म्हणजे फिल्म, रोलर सगळं राहिलं बाजूला, नुसती पुली फिरवायला मोटरचा अर्धा दम गेला. मिनिटाला ६० पाउच काढायचे असतील तर ड्राइव्ह ट्यून करताना रडाल. वरून गुणोत्तर राखायला रोलरची पुलीही दुप्पट मोठी करावी लागेल.

गिअरबॉक्स:
मान्य, ४० जरा जोरात बोललो. ३० घ्या. व्यास ४७.७, कमाल ओढ ३०२ न्यूटन, जडत्व ४०वालीच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. बाजूने खाचा मारून हलकी केली तर अजून कमी. ड्राइव्हमध्ये टॉर्क लिमिट दुपटीवर ठेवलं तर २००च्या आसपास येतो, मग बेल्टच्या ताणालाही जागा राहते. फिल्म ओढायला तिप्पट टॉर्क लागतच नाही.

पीआयडी_पाटील:
३० ला माझी हरकत नाही.

नुसताच_वाचक:
दोन इंजिनियर एका आकड्यावर एकमत झाले. स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे.

हलगीवाला:
अवांतर प्रश्न: माझ्याकडे छोटा सीएनसी राउटर आहे. सर्वो थेट बॉलस्क्रूला जोडायची आहे. लेथवाला म्हणतो सरळ बुश करून देतो, दोन्ही शाफ्ट त्यात घालून ग्रब लावायचे. चालेल?

टूलरूमकाका:
नको. मोटरला स्वतःची दोन बेअरिंगं, स्क्रूला स्वतःची. कडक बुशने जोडलं की चारही एका रेषेत हवीत, आणि मायक्रॉनमध्ये तशी ती कधीच नसतात. जो फरक उरतो तो दर फेऱ्याला शाफ्ट वाकवतो. मग कधी बेअरिंग जातं, कधी शाफ्टच खांद्याशी तुटतो. बेलोज (पातळ पत्र्याचा घडीदार नळा), डिस्क किंवा फट नसलेलं स्पायडर (मध्ये रबरासारखा तुकडा असलेलं) कपलिंग घ्या. स्पायडरमध्ये पिवळा तुकडा ९२ शोअर कडकपणाचा असतो, लाल ९८चा, तुम्हाला लाल. बेलोज उत्तम, पण हाताळताना पिरगळला की कामातून गेला. लवचीक कपलिंग आहे म्हणून मोटर वेडीवाकडी बांधायची नाही, डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून जमेल तेवढी सरळ करा, उरलेलं कपलिंग सांभाळेल.

हलगीवाला:
धन्यवाद काका. लेथवाल्याला आज चहा पाजून परत पाठवतो.

मायक्रॉन:
ज्यांना ग्रब स्क्रूशिवाय गत्यंतर नाही त्यांच्यासाठी: एकाऐवजी दोन, एकमेकांशी ९० अंशात. समोरासमोर लावलेत तर एक दुसऱ्याला ढकलतो. गोल शाफ्टवर ग्रब थेट टेकवू नका, तो खड्डा पाडतो, कडेला बर उभा राहतो आणि पुढच्या वेळी हब निघत नाही. मग पुन्हा हातोडी. शाफ्टला फ्लॅट असेल तर फ्लॅटवर, नाहीतर कीवर टेकवा. निळं मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर पुरे. लाल लावलंत तर काढायला तापवावं लागतं, आणि सर्वोच्या शाफ्टला गॅस दाखवायचा नाही.

आणि हब ते शाफ्ट अशी पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. प्रिंट सरकलं की आधी रेघ बघायची. रेघ तुटली असेल तर हब सरकलाय, जुळत असेल तर दोष बेल्टमध्ये, फिल्ममध्ये किंवा प्रोग्रॅममध्ये शोधा. मोटरचा एन्कोडर हे कधीच सांगणार नाही, त्याच्या हिशोबाने तो बरोबर जागीच आहे.

शिरोलीचा_पैलवान:
रेघेचं आवडलं. घ्या, माझ्याकडनं बी एक घ्या. काकांनी स्टड सांगितला म्हणून परवा भंगारातनं जुगाड केला. एम ६ चा स्टड, वर लांब नट, आणि वॉशरच्या जागी एक जुनं थ्रस्ट बेअरिंग. नट फिरवताना वॉशर पुलीवर घासत न्हाई, लई हलकं जातंय. स्टड पूर्ण आत बसवायचा आणि फक्त नट फिरवायचा. बोल्टच फिरवत बसलासा तर शाफ्टचं आटं जातील, आणि ते गेलं तर मोटर कुणाच्या बापाची न्हाई. दोन मिनटात पुली बसली. टोले द्यायला यापेक्षा जास्ती वेळ लागत हुता, हे मान्य करतो. बेअरिंग अजून उघडून बघितलं न्हाई, ते मानणार न्हाई.

टूलरूमकाका:
पैलवान, जिंकलंत. थ्रस्ट बेअरिंगची कल्पना मी चोरणार.

सातपूरकर:
गेज लावलं. बोअर बरोबर आहे, गो सरळ जातो, नो-गो अडतो. कीशिवाय पुली हाताने पूर्ण सरकली! अडत होती ती की. आमच्याकडे की बार आणून तुकडे करतात आणि फाइल मारून बसवतात, उंचीला जास्त राहत होती. म्हणजे की वरच्या बाजूला पुलीला टेकून पुलीला एका अंगाला ढकलत होती.

पण त्यात अजून एक दिसलं. दोन जुन्या पुल्या काढल्या, त्यातल्या एकीला की-वेच्या बरोबर वर, दात्याच्या मुळाशी केसाएवढी चीर आहे.

गिअरबॉक्स:
अपेक्षितच होतं, आकडेमोड करून बघा. २० दात्यांच्या ५ एम पुलीचा बाहेरचा व्यास ३०.७. दात्याची खोली जवळपास २.१. म्हणजे दात्याच्या मुळाशी त्रिज्या साधारण १३.२ उरली. बोअरची त्रिज्या ९.५, त्यावर ६ मिमी कीसाठी हबमध्ये २.८ खोल की-वे, झाले १२.३. दात्याचं मूळ आणि की-वे यांच्यात एक मिलिमीटरही धातू नाही. त्यात उंच की आतून रेटतेय आणि वरून हातोडी. १९ च्या शाफ्टवर २० दात्यांची ५ एम पुली हे कॉम्बिनेशनच मुळात होत नाही. क्लॅम्प किंवा बुश बसवायलाही तिथे जागा नाही. ३० दात्यांवर गेलात की बुश बसतो का तेही बघता येईल.

नेकारकाठचा:
हो, ३० दात्यांत १९ बोअरचा लहान लॉकिंग बुश हबच्या लांबीत बसवता येतो, बाहेरचा व्यास ऑर्डर करण्याआधी तपासा. आणि फरसाणवाल्याला बुशची किंमत सांगू नका, चिरलेली पुली दाखवा.

सातपूरकर:
ठरलं. नवीन मशिनांना ३० दाते आणि प्लेन शाफ्ट. जुन्या मशिनांना ३० दाते, मापात ग्राइंड केलेली की, दोन ग्रब आणि मार्करची रेघ. फिटरला स्टड-नटचं टूल करून दिलं, त्याने हातोडी अजून खिशातून काढलेली नाही, पण वापरतही नाही.

एक अडचण राहिली. एका मोटरवर पुली गंजून इतकी बसलीय की हलत नाही. टॉर्चने तापवू का?

मायक्रॉन:
वर काय लिहिलं होतं मी!

टूलरूमकाका:
तापवू नका. उष्णता शाफ्टमधून सीलकडे, बेअरिंगकडे आणि चुंबकांकडे जाते. मोटर शाफ्ट वर करून नाही, आडवी किंवा शाफ्ट खाली करून ठेवा, गंज सोडवणारं तेल थोडं लावा, म्हणजे ते सीलकडे वाहणार नाही. रात्रभर राहू द्या. सकाळी ग्रब काढून पुलर लावा, पुलरचं टोक टॅपच्या आट्यांवर टेकू नये म्हणून मध्ये एक स्क्रू किंवा टोपी ठेवा. पुलीच्या कडेला पकड मिळत नसेल तर हबला दोन भोकं टॅप करून पट्टी बांधा आणि पट्टीला ओढा. त्यानेही नाही निघाली तर पुलीचा नाद सोडा. की-वेच्या बाजूने शाफ्टला न लागता कापा, तिथे आधीच धातू कमी आहे. कापताना मोटरचं तोंड ओल्या फडक्याने नीट झाका, लोखंडाचा चुरा सीलमध्ये जायला नको.

सातपूरकर:
बरं. तीन पायांचा छोटा पुलर नाशिकमध्ये कुठे भाड्याने मिळेल का? आमच्याकडचा बैलगाडीच्या चाकाला लागेल एवढा आहे.

पीआयडी_पाटील:
मी अंबडला असतो. माझा घेऊन जा, व्यनि करा. फक्त परत आणून द्या, मागच्या वेळी नेला त्याने तिसरा पाय हरवला होता.